सभा बदलण्याचा अधिकार

दारूच्या पाशातून सुटू पाहणारा माणूस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेस एकदा जाऊन आला आणि घरी परतून ‘तिथे माझे मन लागले नाही, दुसरी एखादी सभा पाहतो’ असे म्हणाला, की घरच्या न्यायासनासमोर त्याची कैफियत पुरती ऐकली जाण्यापूर्वीच निकाल लागतो : इच्छाच नाही, सभेला नावे ठेवणे हा नुसता बहाणा. या निकालामागे अनुभव आहे, हे मी नाकारीत नाही. ज्या पत्नीने मुलाच्या मस्तकावर हात ठेवून घेतलेल्या शपथा ऐकल्या, तुळशीची माळ गळ्यात पडलेली आणि पंधरा दिवसांत खुंटीला लागलेली पाहिली, तिने नव्या सबबीवर विश्वास ठेवावा असे तिला कोणत्या तोंडाने सांगावे? परंतु औषध एकच, ते मिळेल तेथे घ्यावे, रोग्याला आवडनिवड कसली, असा जो सिद्धांत त्या अनुभवातून काढला जातो तो मात्र खोटा आहे.

तो खोटा ठरवण्यास त्या संस्थेचा जन्मवृत्तांतच पुरेसा आहे. १९३५ च्या मे महिन्यात, अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरी, धंद्यातला डाव फसलेला, स्वतः दारूपासून दूर राहू पाहणारा बिल विल्सन हॉटेलात एकटा उभा होता. एकीकडे मद्यगृहातला गलबला, दुसरीकडे टेलिफोन. चर्चच्या यादीवरून तो फोन लावीत गेला, आणि त्या धडपडीतून त्याची गाठ डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. आता हे डॉक्टर सभांना अपरिचित होते काय? मुळीच नाही, ऑक्सफर्ड ग्रूप नावाच्या धर्मनिष्ठ मंडळींच्या बैठकांना ते दोन वर्षांहून अधिक काळ जात होते, आणि जात असतानाच पीत होते. मंडळी सज्जन, उपदेश निर्मळ. उणीव एवढीच, की समोर बसलेल्यांपैकी कोणी त्यांच्यासारखा प्यालेला नव्हता. विल्सन उपदेश करण्यासाठी आला नव्हता, स्वतःची दारू दूर ठेवण्यासाठी आला होता. मध्यंतरी एकदा घसरून डॉक्टरांनी १० जून १९३५ रोजी शेवटचा घोट घेतला, आणि तोच दिवस संस्थेचा स्थापनादिन मानला जातो. पुढे १९३७ साली न्यूयॉर्कच्या आणि १९३९ साली अ‍ॅक्रनच्या मंडळींनी ऑक्सफर्ड ग्रूपशी फारकत घेतली. म्हणजे ज्या संस्थेच्या नावाने आपण रोग्यास ‘बसलास तिथेच बस’ म्हणून दटावतो, ती संस्थाच आपली सभा बदललेल्यांची आहे. फक्त त्यांनी सभा सोडून घर गाठले नाही, दुसरी सभा उभी केली.

इतके म्हणताच दुसऱ्या टोकाचे गृहस्थ आनंदाने माझ्या पक्षास येऊन मिळतात, आणि मला त्यांचा अधिक धाक वाटतो. महापालिकेच्या शाळेत भरलेल्या सभेत, चौथीच्या मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले रिक्षावाले आणि गिरणीतून निवृत्त झालेले कामगार पाहून हे म्हणतात, ‘येथे आमच्यासारखे कोणी नाही.’ रोग्याचा प्रकार आणि उपचाराचा प्रकार यांची जोड नेमकी जुळवावी, हा त्यांच्या म्हणण्यामागचा विचार अमेरिकेत ‘प्रोजेक्ट मॅच’ नावाच्या प्रयोगात १७२६ रोग्यांवर तपासण्यात आला. १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा बहुतेक जोड्या निष्फळ ठरल्या. तीन वर्षांनंतरच्या पाहणीत मात्र एक गोष्ट ठळकपणे दिसली : ज्यांचा मित्रपरिवार पिण्यास उत्तेजन देणारा होता, त्यांना अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या मार्गाचा विशेष लाभ झाला. माणसाला आपल्या जातकुळीची नव्हे, न पिणारी सोबत हवी होती. मुंबईत या संस्थेचे काम १९५७ साली सुरू झाले तेव्हा राज्यात दारूबंदी होती, प्यायला परवाना लागे. सभेत बसायला न तेव्हा परवाना लागला, न आज लागतो. पिणे थांबवण्याची इच्छा, एवढीच अट.

मग निवड कशाची करायची? सभा सुटल्यानंतरच्या चहाची, असे मी म्हणेन. व्यासपीठावरचे शेअरिंग रोज वेगळ्या माणसाचे असते, त्यावरून समूहाची परीक्षा होत नाही. म्हणून चार-पाच वेळा जावे आणि चहाच्या पेल्यासह उभे राहून पाहावे, की नवख्याचा फोन नंबर कोणी मागून घेतो काय, दोन आठवडे तो आला नाही तर कोणी विचारपूस करील काय, स्पॉन्सर म्हणून ज्याचा हात धरावा असा जुना सोबर माणूस तेथे आहे काय. सभेची वेळ हीदेखील क्षुल्लक बाब नव्हे; ज्याची तलफ सायंकाळी सातला उठते त्याला सकाळची सभा कितीशी उपयोगी? देवाचा प्रश्न मी येथे वाढवीत नाही. बारा पायऱ्यांत ईश्वराचे स्वरूप ज्याचे त्याने ठरवायचे असते. पण जेथे कोणी अनुभवी सभासद डॉक्टरांच्या गोळ्या बंद करण्याचा सल्ला देईल, तेथून त्याच संध्याकाळी उठावे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडल्यास झटके येऊन प्राणावर बेतू शकते, त्याने आधी रुग्णालय गाठावे, सभा नंतर. आणि घरच्यांनीही आपली वेगळी सभा शोधावी. पुण्याच्या मुक्तांगणात, जे १९८६ साली सुरू झाले, रोग्यांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट त्यासाठीच आहे.

गोळ्या बंद करायला सांगणारी सभा वगळता, नवी सभा सापडेपर्यंत जुनी सोडायची नाही, हे बंधन मात्र मला मान्य आहे. तेव्हा ‘ती सभा का सोडलीस’ ही उलटतपासणी घरच्यांनी आवरती घ्यावी, आणि पुढची सभा कोणत्या वारी, किती वाजता, आणि तिथे पोहोचायला कितीची लोकल धरावी लागेल, एवढेच विचारून डबा लवकर भरून द्यावा.