पहिलें गाणें कोणाचें?

गेल्या स्नेहसंमेलनांत वरच्या वर्गांतील चार-पांच विद्यार्थ्यांनीं गिटार, ढोलकी आणि कीबोर्ड यांच्या साथीवर कांहीं गाणीं सादर केलीं. मुलांचा हात वाद्यांवर चांगला बसला होता, आणि टाळ्याहि भरपूर पडल्या. मागाहून त्यांच्यापैकीं एकानें सांगितलें कीं, शिक्षण पुरें होतांच आपल्या पथकाची एक ध्वनिमुद्रिका काढावयाची, असा त्यांचा मनोदय आहे. हें ऐकून आनंद झाला. पण त्याबरोबरच मनांत एक शंका उभी राहिली. त्या गाण्यांत लांबच लांब सडका होत्या, मालमोटारी होत्या, घोडे होते, गुरांचीं विस्तीर्ण कुरणें होतीं. परंतु नीरा नव्हती, गुंजवणी नव्हती, तोरण्याखालचें भाताचें खाचर नव्हतें. गाणें खेड्याचें होतें खरें. पण तें खेडें कोणाचें?

ज्या गाण्यांचें अनुकरण हीं मुलें करीत होतीं, त्या प्रकारास अमेरिकेंत 'कंट्री-रॉक' असें म्हणतात. खेड्यांतील जुन्या चाली आणि विजेच्या वाद्यांचा दणका यांचा तो मिलाफ होय. या प्रकारच्या आरंभींच्या पथकांत 'फ्लाइंग बरिटो ब्रदर्स' हें एक प्रमुख पथक. ग्रॅम पार्सन्स व क्रिस हिलमन हे त्याचे म्होरके. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका 'द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन' ही १९६९ सालीं निघाली. त्या वेळीं ती फारशी खपली नाहीं; पण पुढें जाणकारांनीं तिला या प्रकारांतील पायाचा दगड मानलें. त्यानंतर तीन वर्षांनीं 'ईगल्स' या पथकाची पहिली ध्वनिमुद्रिका आली आणि ती मात्र घरोघर पोहोंचली. मौज अशी कीं, अमेरिकेच्या मोकळ्या रानाचा वारा ज्या गाण्यांत लोकांस लागला, तीं गाणीं बहुतांशीं लंडन शहरांत मुद्रित झालीं होतीं! तेव्हां यंत्र कोठें आहे याला फारसें महत्त्व नाहीं. गाणें कोठून आलें याला आहे.

मग या तरुणांचें गाणें कोठून आलें? त्याचा माग काढीत गेल्यास आपण १९२७ सालापर्यंत जाऊन पोहोंचतों. त्या वर्षीं व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीअर हा गृहस्थ टेनेसी व व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल या गांवीं ध्वनिमुद्रणाचें यंत्र घेऊन आला. आसपासच्या डोंगरांतून जीं माणसें गावयास आलीं, त्यांत ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सारा आणि भावजय मेबेल असे तिघेजण होते. हेंच पुढें 'कार्टर फॅमिली' म्हणून प्रसिद्धीस आलें. कार्टर डोंगरवाड्यांतून हिंडत आणि म्हाताऱ्या-कोताऱ्यांकडून जुनीं गाणीं गोळा करीत. या भ्रमंतींत लेस्ली रिडल नांवाचा एक कृष्णवर्णीय गिटारवादक त्यांच्या सोबतीस असे. कार्टर शब्द टिपून घेत, आणि रिडल चाल ध्यानांत ठेवी. गाणीं गाजलीं, नांव कार्टरांचें झालें. ज्याच्या स्मरणशक्तीवर त्यांतील कित्येक चाली तरल्या, त्या रिडलचें नांव मात्र तबकड्यांवर आलें नाहीं. त्याची थोरवी संशोधकांच्या ध्यानांत येण्यास कित्येक दशकें लोटावीं लागलीं.

या कथेंत आमच्या मुलांसाठीं एक बोध आहे आणि एक इशाराहि आहे. बोध असा कीं, ज्यांचें अनुकरण तुम्ही करतां, ते स्वतः आपल्या डोंगरांतील आज्या-आजोबांकडे गेले होते. त्यांच्यासारखें व्हावयाचें असेल, तर त्यांचे शब्द उसने न घेतां त्यांची ही रीत उचला. इशारा असा कीं, ज्याच्या तोंडून गाणें घ्याल, त्याचें नांव गिळूं नका.

आतां आपल्या डोंगरांत काय आहे तें पाहूं. भोर आणि वेल्हें या भागांत पिठाची गिरणी येण्यापूर्वीं घरोघर पहांटे जातें फिरत असे. दोघी समोरासमोर बसत. एकीनें ओवी उचलावी, दुसरीनें ती झेलावी. तालास वेगळें वाद्य नसे, दगडाची घरघर हाच ताल. माहेर, भाऊ, सासुरवास, सीतेचा वनवास, पंढरीची वाट, अलीकडच्या काळांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर, असा एकहि विषय नाहीं कीं, ज्यावर या बायकांनीं ओवी रचली नाहीं. ज्यांना शाळेचा उंबरठा दिसला नाहीं, त्यांनीं हें साहित्य निर्माण केलें. शेतावर भलरी, जत्रेंत ढोल-लेझीम, घरीं मंगलकार्यानंतर जागरण-गोंधळ, ही संपत्ति निराळीच.

ही संपत्ति मोलाची आहे हें आम्हांस ओळखावयास उशीर लागला. गी पॉइटेव्हिन हे मूळचे फ्रान्सचे; ते पुण्यास आले आणि येथलेच झाले. त्यांनीं व हेमा राईरकर यांनीं पुणें जिल्ह्याच्या मावळपट्ट्यांत, झोंपडीझोंपडींत बसून, १९८० नंतरच्या काळांत जात्यावरच्या ओव्या उतरून घेण्याचें काम उभें केलें. पुढें बर्नार्ड बेल यांच्या साह्यानें त्यांतील पुष्कळ ओव्या गाणाऱ्या बायांच्याच आवाजांत मुद्रित झाल्या. महाराष्ट्रांतील हजारांहून अधिक गांवांतून जमविलेला हा सांठा १ लाखाहून अधिक ओव्यांचा आहे, आणि २०१७ पासून तो सर्वांस ऐकण्यासाठीं क्रमाक्रमानें खुला होत आला आहे. त्यांतील मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही कीं, ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचें नांव आणि तिचें गांव नोंदलेलें असतें. अमेरिकेंत रिडलच्या बाबतींत जें घडलें नाहीं, तें येथें घडलें.

येथें कांहीं वडीलधारी मंडळी म्हणतील, "विजेच्या वाद्यांनीं आमची ओवी बाटेल." त्यांना माझी नम्र विनंति आहे कीं, त्यांनीं पेटीचा इतिहास आठवावा. हार्मोनियम युरोपांतून आली. ती भारतीय संगीतास मारक आहे असें मानून आकाशवाणीनें १९४० सालीं तिला बंदी केली, आणि ती बंदी १९७१ सालीं सैल झाली. आज पेटीवांचून भजन होतें काय? उलट बाजूचें उदाहरण आमच्या ख्रिस्ती मंडळीचेंच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं विलायती चालींच्या गीतांत वाढणाऱ्या मंडळीस अभंग आणि भजनें दिलीं. आशय नवा, रूप देशी. आणि त्यानें उपासना बाटली नाहीं, उलट ती लोकांच्या काळजास भिडली. आपल्याच जिल्ह्यांत लहानपण काढलेले अजय-अतुल हे बंधु घ्या. २०१६ सालच्या 'सैराट' चित्रपटासाठीं त्यांनीं अमेरिकेंतील मोठ्या वाद्यवृंदाची साथ घेतली. तरी त्या गाण्यांची बोली खेड्यांतलीच राहिली.

तथापि एक पथ्य पाळलेंच पाहिजे. ओवीचा जीव तिच्या शब्दांत असतो. गिटारच्या दणक्याखालीं आजीचा शब्द ऐकूं येईनासा झाला, तर तो मिलाफ नव्हे, ती ओवीची उत्तरक्रिया होय. म्हणून चाल आधीं कंठांत मुरूं द्या, आणि मग वाद्य उचला.

विद्यार्थिमित्रांनो, या सुटींत एक काम करा. आपल्या आजीजवळ, किंवा शेजारच्या कोणा वृद्ध बाईजवळ बसा. तिला आठवतील तितक्या ओव्या वहींत उतरून घ्या. तिची परवानगी असेल तर आवाजहि मुद्रित करा. प्रत्येक ओवीखालीं तिचें नांव, माहेरचें व सासरचें गांव, आणि तारीख लिहा. पालकांसहि एक विनंति आहे: मुलें हें विचारूं लागलीं, तर "त्या जुनाट गाण्यांत काय आहे!" असें म्हणून त्यांना परतवूं नका. ज्यांनीं जात्यावर खऱ्या अर्थानें दळलें अशा स्त्रिया आज फार थोड्या उरल्या आहेत. त्यांच्यापैकीं एक गेली कीं, तिच्याबरोबर शेंकडों ओव्या जातात, आणि त्या कोणत्याहि पैशानें परत मिळत नाहींत.

शुभवर्तमानांत एका दासाचा दृष्टांत आहे. धन्यानें दिलेला तालंत त्यानें व्यापारांत न घालतां भुईंत पुरून ठेविला, आणि हिशेबाच्या दिवशीं तो दोषी ठरला. आपल्यालाहि एक तालंत मिळालेला आहे. तो आजीच्या ओंठांवर आहे, आणि तेथेंच पुरला जाण्याच्या बेतांत आहे. आमच्या मुलांची ध्वनिमुद्रिका जरूर निघावी. तींत गिटार असावी, ढोलकी असावी, जें आवडेल तें असावें. पण तिच्यावरील पहिलें गाणें आपल्या जात्यावरचें असावें, आणि त्या गाण्याखालीं पहिलें नांव तें गाणाऱ्या आजीचें असावें.

— एक शिक्षक