हौसेला मोल नसतं, पण...

हल्ली सणासुदीच्या जाहिराती नीट वाचल्यात का? ‘लिमिटेड एडिशन’ हे दोन शब्द त्यात हटकून असतात. चांदीचं नाणं असो, मूर्ती असो, घड्याळ असो की बाहुली, सूर एकच. मोजकेच नग आहेत, आज घ्या, उद्या दामदुप्पट! घरखर्चातून चार पैसे बाजूला टाकणाऱ्या बाईला हे ऐकायला फार गोड वाटतं. हौसही झाली आणि गुंतवणूकही! पण खरंच असं होतं का? माझं मत विचाराल तर बहुतेक वेळा होत नाही.

अमेरिकेतली ‘बीनी बेबीज’ ही मऊ, छोटी खेळणी बघा. टाय वॉर्नर यांच्या कंपनीने ती १९९३ मध्ये आणली. किंमत साधारण पाच डॉलर. कंपनी मधूनच एखादं खेळणं ‘निवृत्त’ झाल्याचं जाहीर करायची, म्हणजे ते बनवणंच बंद. झालं! आता हे मिळणार नाही म्हणून लोकांची झुंबड उडाली. पाच डॉलरची वस्तू शेकडो डॉलरला जाऊ लागली. खेळणी मुलांच्या हाती न देता, लेबलाला प्लॅस्टिकचं कव्हर घालून कपाटात ठेवली जाऊ लागली. १९९९ मध्ये लास व्हेगासच्या कोर्टात घटस्फोट घेणाऱ्या एका जोडप्याने चक्क जमिनीवर बसून ही खेळणी वाटून घेतली. तो फोटो जगभर गाजला. पुढे काय झालं? भाव कोसळले. आज त्यातली बहुतेक खेळणी मूळ किमतीच्या आसपास, कधी त्याहूनही स्वस्तात विकली जातात.

कारण अगदी साधं आहे. सगळ्यांनीच जपून ठेवलं, तर ते दुर्मिळ राहिलं कुठे? शिवाय घेणाऱ्या कितीतरी जणांना त्या खेळण्याचं प्रेम नव्हतंच. पुढच्याला चढ्या भावाने विकायचं, एवढाच हिशेब. तो ‘पुढचा’ येईनासा झाला आणि खेळ संपला.

आपल्याकडचं उदाहरण तर देवघरातच सापडेल. लक्ष्मीपूजनाला आपण मांडतो ते राणीछाप रुपये! शंभराहून जास्त वर्षांचे, तरी त्यातल्या बऱ्याचशा रुपयांना चांदीपेक्षा फार जास्त भाव येत नाही. कारण ते टाकसाळीत भरपूर पडले आणि आपल्या आज्या-पणज्यांनी जिवापाड जपले. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया त्यापेक्षा किती तरी नवा, पण फारच थोडे शिल्लक आहेत. त्यामुळे संग्राहक त्यासाठी मोठी रक्कम मोजतात. (आणि म्हणूनच त्याच्या नकलाही निघतात!) नुसतं जुनं असून भागत नाही.

१९४८ मध्ये गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटावर ‘सर्व्हिस’ असा शिक्का छापून फक्त शंभर तिकिटं गव्हर्नर-जनरलच्या कार्यालयासाठी काढली होती. २०१७ मध्ये त्यातल्या चार तिकिटांची एक पट्टी ब्रिटनमध्ये पाच लाख पौंडांना विकली गेली. ती तिकिटं ‘गुंतवणूक’ म्हणून कोणी विकली नव्हती, कामासाठीच काढली होती. जी वस्तू वापरण्यासाठी असते, ती वापरून संपते. उरलेली मौल्यवान ठरते. जपण्यासाठीच विकलेली वस्तू मात्र घरोघरी डबीत तशीच असते.

दागिना मोडताना घडणावळ जाते, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. या नाण्यांचंही तसंच आहे. घेताना आपण डबीचे, सर्टिफिकेटचे, जाहिरातीचेही पैसे देतो. सराफाच्या काट्यावर मात्र फक्त चांदीच तोलली जाते. आणि ‘मर्यादित’ म्हणजे तरी किती? शंभर नग की पन्नास हजार? कधी कधी तर मर्यादा नगांची नसतेच, तारखेची असते. त्या तारखेपर्यंत येतील तेवढ्या ऑर्डरी घ्यायच्या!

याच मोहावर भामट्यांचंही दुकान चालतं. आमच्या बचत गटातल्या एकीला फोन आला, ‘तुमच्याकडचं वैष्णोदेवीचं नाणं लाखात घेतो, आधी नोंदणीचे दोन हजार भरा.’ तिने ते मुलीच्या फीसाठी ठेवलेल्या पैशांतून भरले. नंतर तो फोन कधी लागलाच नाही. वर घरच्यांची बोलणी खावी लागली ती वेगळीच. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट सांगितलं आहे, की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही आणि त्यासाठी बँक कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. विकत घेणारा आपल्याला पैसे देतो, आपल्याकडून मागत नाही. एवढं पक्कं लक्षात ठेवलं तरी पुरे.

बाईच्या हातात स्वतःचा म्हणावा असा पैसा आधीच थोडा. तो बुडाला की पैशाबरोबर घरातला तिचा शब्दही हलका होतो. म्हणून मैत्रिणींनो, असं काही घेण्याआधी विचारा, एकूण नग किती निघाले? आज विकायला गेले तर कोण घेईल आणि किती देईल? ‘अमुक लाखाला आहे’ असं सांगितलं, तर ती नुसती मागितलेली किंमत आहे की त्या भावाने कोणी खरंच घेतलंय? उत्तरं मिळाली नाहीत, तर ते पैसे पोस्टात किंवा बँकेत बरे.

आवडलं म्हणून जरूर घ्या. हौसेला मोल नसतं, हे खरंच आहे. फक्त त्या हौसेला गुंतवणूक म्हणू नका, आणि दुसऱ्या कोणाला म्हणूही देऊ नका!