गाडी फाटकाबाहेर
आमचे काही निवृत्त माजी विद्यार्थी हायब्रिड गाड्यांचे शौकीन आहेत. रविवारी निपाणीहून बेळगावला किल्ला तलावाकाठी जमतात नि लिटरमागे किती किलोमीटर, याचा हिशेब मांडतात. ब्रेक दाबताच वाया जाणारी शक्ती बॅटरीत कशी साठते, हे ते छान समजावतात! मैत्री उत्तम, पण चालणे मात्र चहाच्या टपरीपर्यंतच. परवा त्यांतले एकजण शाळेचा जिना चढताना मध्येच बसले. आम्ही घाबरलो.

बिडदीत या गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या नावात किर्लोस्कर आहेत. त्या घराण्याचा उद्योग १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानाने सुरू झाला. विश्वस्तांनी शाळेचे मैदान पहाटे सहाला या मंडळींसाठी उघडावे, असे आमचे मत आहे. नातवंडांनी आजोबांना घेऊन यावे, शक्यतो सायकलवरून.