बंदूक कुणाच्या खांद्यावर?

सोलापुरातल्या एका बंदुकीच्या दुकानात जाऊन मी सरळ विचारलं, "धक्का कमी देणारी बारा बोर आहे का?" दुकानदारानं आधी माझ्या पिकल्या मिशांकडे पाहिलं, मग बाकड्यावरच्या मंडळींकडे. "वहिनींसाठी पाहिजे का मालक?" सगळे खो खो हसले. मीही हसलो असतो; पण मला काकांचा दंड आठवला.

काकांची शेती परंडा तालुक्यात. उंची पाच फूट तीन इंच. हातातली डबल बार मात्र आजोबांची, आणि आजोबा सहा फुटी. दस्ता इतका लांब की तो खांद्याच्या खोबणीत बसायचाच नाही, दंडावर टेकायचा. बार उडाला की दंड काळानिळा. असे चार बार खाल्ले की शरीर शहाणं होतं: चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात, मान मागे जाते. एका रात्री वनखात्याच्या परवानगीचा कागद खिशात घालून काका उसाच्या बांधावर बसले आणि पंधरा पावलांवरचं रानडुक्कर त्यांनी चुकवलं. म्हणजे धड चुकवलंही नाही, मागच्या पायात छर्रे घातले. पिसाळलेलं जनावर शेजारच्या गड्याची मांडी फाडून तुरीत घुसलं. गावानं निकाल दिला, "म्हातारा भ्याला." म्हातारा भ्याला नव्हता. दुसऱ्याच्या मापाची बंदूक त्याच्या गळ्यात पडली होती.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात माणूस बूट घेताना दहा जोड घालून बघतो, बैल घेताना दात मोजतो. बंदूक घेताना फक्त विचारतो, "दिसते कशी?" कारण ती उडवायची नसतेच. ती जीपच्या बॉनेटवर ठेवून फोटो काढायची असते, वरातीत एका हातानं आभाळाकडे धरायची असते. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा हर्षबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तरी हौस फिटत नाही. अशा शूरांना धक्क्याचं काय पडलंय? आभाळावर नेम धरावा लागत नाही.

ज्याला खरंच नेम धरायचा आहे त्यानं मात्र थोडा हिशेब शिकावा. छर्रे जितक्या जोरानं पुढे जातात तितकीच बंदूक मागे येते. त्यात मर्दानगीचा काही संबंध नाही. काडतूस तेच ठेवलं तर जड बंदूक कमी लाथ मारते आणि हलकी जास्त. दुकानात "बघा, फुलासारखी हलकी" म्हणून जी हातात देतात, ती खांद्यावर दगडासारखी येते. दुसरी गोष्ट काडतुसाची. 32 ग्रॅम छर्‍यांऐवजी त्याच वेगाचं 24 ग्रॅमचं घेतलं, तर धक्क्याची ऊर्जा जवळजवळ 40 टक्क्यांनी उतरते. ऑलिंपिकच्या ट्रॅप आणि स्कीटमध्ये 24 ग्रॅमचंच काडतूस चालतं. जगातले उत्तम नेमबाज त्यावर पदकं घेतात. आमच्या पाटलांना मात्र "भारीतलं" काडतूस लागतं. रानडुकराला हा बारीक छर्रा चालत नाही हे मलाही कळतं. पण हात बसवायला, डोळे उघडे ठेवायला शिकायला तोच बरा. भारी काडतूस एका रात्रीसाठी ठेवावं, सराव हलक्यावर करावा.

तिसरी आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे दस्ता. कोपर काटकोनात मोडून दस्त्याचं टोक त्याच्या खोबणीत टेकवावं आणि बोट चापावर नीट पोचतंय का ते पाहावं. ढोबळच कसोटी आहे, पण काकांचा दंड तिनंही वाचवला असता. दस्त्याला मागे जाड रबर लावावं आणि बंदूक खांद्यात घट्ट दाबून धरावी. सैल धरली की ती धाव घेऊन आदळते. गॅसवर चालणाऱ्या बंदुका धक्का आणखी पसरवतात, पण परदेशी मालाची आयात सामान्य माणसाला बंद आहे आणि जुन्याची किंमत ऐकून डोळे पांढरे होतात.

आता सरकारकडे वळू. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 13 वाचा. पिकाच्या रक्षणासाठी शेतकऱ्याला कायद्यानं आधी दाखवलेली बंदूक कोणती? ठासणीची! नळीच्या तोंडातून दारू ओता, गजानं ठासा, तोवर डुक्कर थांबेल. ही पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी मिळू शकते. ठासणीत दारू हाताच्या मापानं पडते. चिमूटभर जास्त झाली की धक्का किती येईल ते ती दारूच जाणे. कायदा करणाऱ्यांनी पिकाचा विचार केला, डुकराचाही केला असेल, खांद्याचा नाही.

आणि तो पवनचक्कीखालचा, बँकेच्या दारातला पहारेकरी? बंदूक आणि लायसन पुष्कळदा त्याचंच असतं, त्या जोरावर तर नोकरी मिळते. मग तो घेतो परवडेल ती, आणि हलकी. त्याला मी हसणार नाही. बारा तास खांद्यावर वागवायला हलकीच बरी. पण ज्या दिवशी खरंच बार उडवायची वेळ येईल, त्या दिवशी तिची लाथ त्यालाच बसेल आणि छर्रे भलत्यालाच. त्याला वर्षाकाठी पाच काडतुसं सरावाला द्या म्हटलं, तर मालकाला खर्च आठवतो. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं म्हणतात ते हेच.

आमच्या परंड्याच्या किल्ल्यात एकेकाळी मलिक-ए-मैदान तोफ होती. 1549 साली अहमदनगरला ओतलेली, सुमारे 55 टनांची. 1632 मध्ये ती विजापूरला गेली. बत्ती दिली की गोलंदाज कान वाचवायला शेजारच्या हौदात बुडी मारी, असं तिथे सांगतात. दंतकथा असेल. पण दंतकथा रचणाऱ्यालाही बत्ती देणाऱ्याच्या कानाची काळजी होती. आमच्या दुकानदाराला ग्राहकाच्या खांद्याची नाही.

शेवटी मी जुनी, जड डबल बार घेतली. परवानाधारक कारागिराकडून दस्ता एक इंच कापून घेतला, मागे रबर बसवलं. गावात तिला "बायकी बंदूक" म्हणतात. म्हणोत. ज्यांना तसं वाटतं त्यांनी आपली मर्दानी, फुलासारखी हलकी बंदूक घेऊन माझ्याबरोबर रेंजवर यावं, सकाळी भारीतली पंचवीस काडतुसं उडवावीत, आणि दुपारी माझ्या पंगतीला बसून उजव्या हातानं भाकरी मोडून दाखवावी.