काळजाला ठिगळ

दुःखाने काळजाला घरे पडली, असे आपण सहज बोलून जातो. पण आजारी काळजाला मुद्दाम भोके पाडून ते बरे करू पाहणारे एक शल्यविशारद आपल्या मुंबईत होऊन गेले, हे किती जणांना ठाऊक आहे? परळच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. प्रफुल्लकुमार सेन हे ते गृहस्थ. सापाच्या हृदयाच्या स्नायूला आतल्या पोकळीतूनच थेट रक्त मिळते. मग माणसाचे का मिळू नये, म्हणून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाच्या स्नायूला सुईने बारीक छिद्रे पाडण्याची कल्पना १९६५ साली जगापुढे मांडली. भारतातले पहिले हृदयारोपणही सेनांचेच, १९६८ सालचे. रोगी काही तासच जगला, पण वाट पडली.

आज त्या वाटेवर पुष्कळ गर्दी आहे. आमच्या मेहकरात बालाजीचे दर्शन घेऊन पेन्शनर मंडळी टेकली की विषय एकच : कोणाच्या हृदयात किती स्प्रिंगा! त्यातल्याच एका मित्राच्या पत्नीने परवा मला विचारले, "भाऊजी, पेशी टोचल्या की हृदय नवे होते म्हणतात. यांच्यासाठी करावे का? दोन एकर मात्र विकावे लागतील."

प्रश्न दोन एकरांचा, म्हणून उत्तर नीट द्यायला हवे.

झटका येतो म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद होते. पुढचा स्नायू उपाशी राहतो आणि काही तासांत कोट्यवधी पेशी मरतात. त्या जागी व्रण होतो. तो ठिगळासारखा भोक बुजवतो, पण आकुंचन पावत नाही. मग उरलेल्या हृदयावर भार पडतो व ते हळूहळू थकते. हृदय स्वतःला दुरुस्त करीत नाही काय? करते, पण अगदी सावकाश. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००९ साली दाखवले की, पंचविशीत वर्षाला शंभरातली एक पेशी नवी होते, पंचाहत्तरीत अर्धीसुद्धा नाही.

म्हणून बाहेरून पेशी घालण्याची युक्ती. पॅरिसच्या डॉ. मेनाशे यांनी २००० साली रोग्याच्याच मांडीच्या स्नायूतल्या पेशी हृदयात घातल्या. परंतु २००८ साली मोठ्या चाचणीचा निकाल आला, तेव्हा हृदयाची ताकद वाढलेली दिसेना. लेझमीच्या ताफ्यात एकाने आपल्याच तालावर नाचावे, तशा या पेशी! ठोके बिघडण्याची धास्ती निराळीच. अस्थिमज्जेतल्या पेशींनीही मोठासा चमत्कार केला नाही. टोचलेल्या बहुतेक पेशी थोड्याच दिवसांत मरतात, ही मुख्य अडचण. भर उन्हाळ्यात कोरडवाहू रानात पेरल्यासारखेच ते!

मग बियाणे चिवट करावे आणि पाणीही द्यावे, असा विचार निघाला. पेशी टोचण्याआधी तिच्यात एखादे जनुक घालायचे : एक तिला तग धरायला लावणारे, दुसरे नव्या रक्तवाहिन्या फुटवणारे. अमेरिकेत डॉ. व्हिक्टर झाऊ यांच्या गटाने २००३ साली 'एकेटी' नावाचे जनुक घातलेल्या पेशी उंदरांच्या हृदयात सोडल्या, आणि हृदये पुष्कळच सावरली. पण ते उंदीर होते! माणसांत नुसते जनुक देण्याची अडीचशे रोग्यांवरची एक मोठी चाचणी २०१५ साली निष्फळ ठरली. आणि हृदयातल्या मूळ पेशींबद्दलचे एका नामांकित प्रयोगशाळेचे ३१ निबंध मागे घ्यावेत, असे हार्वर्डने २०१८ साली जाहीर केले. तरी काम थांबलेले नाही. जपानात ओसाका येथे २०२० साली प्रयोगशाळेत वाढवलेल्या हृदयपेशींचा पातळ पापुद्रा रोग्याच्या हृदयावर बसवला गेला.

आपल्याकडे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०१७ सालची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत : हृदयासाठी मूळ पेशींचा वापर हा प्रयोग आहे, उपचार नव्हे. नोंदलेल्या चाचणीबाहेर तो करू नये. प्रयोगाचे पैसे रोग्याने मोजायचे नसतात.

तेव्हा वहिनींना मी सांगितले, शेत ठेवा. गोळ्या चुकवू नका, तंबाखूची डबी पैनगंगेत नको, चुलीत टाका, आणि रोज थोडे चालायला लावा.

वाचकहो, छातीत दडपण आले, घाम फुटला, तर पित्त म्हणून सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन करा आणि इसीजी काढून घ्या. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लहान गावातल्या दवाखान्यातही देता येते. पण दर तासाला त्याचा गुण कमी होत जातो. मेलेली पेशी जिवंत करणारा अजून कोणी भेटलेला नाही. जिवंत आहे ती वाचवणे मात्र आपल्या हाती आहे.