कामाचा आरंभ

मोठ्या कामाला मनुष्य भितो, यात नवल नाही. गड चढावयाचा म्हटले की चांगल्या धडधाकट माणसाची छातीही क्षणभर दडपते. परंतु अंथरुणाची घडी घालणे, सदऱ्याचे तुटलेले बटण लावणे, आलेल्या पत्राला दोन ओळींचे उत्तर धाडणे, ही काही गड चढण्यासारखी कामे नव्हेत. तरीही घरोघरी जी कामे दिवसेंदिवस पडून राहतात, ती बहुधा हीच! ‘करू सावकाश’, ‘लहर आली की बसतो’ असे म्हणता म्हणता दिवस मावळतो, आणि पाच मिनिटांचे काम पाच दिवस मनावर ओझे होऊन राहते.

असे का व्हावे? लोक याला सरसकट ‘आळस’ हे नाव देऊन मोकळे होतात. पण हे निदान पुरेसे नाही. ज्या मुलाला गणिताची वही उघडण्याचा कंटाळा येतो, तोच भर उन्हात दोन-दोन तास चेंडूमागे धावतो. त्याच्या अंगी शक्ती नाही, असे कोण म्हणेल? अडते ते उंबरठ्यावर. काम हाती घेण्यापूर्वी मन त्याचे चित्र रंगविते, आणि त्या चित्रात सगळे काम एकदम समोर उभे राहते. दहा उदाहरणे सोडवावयाची असतात ती एकामागून एक. मनाला मात्र दहाही एकाच वेळी दिसतात, आणि ते मागे सरते.

याला आणखी एका समजुतीची जोड मिळते. आधी उत्साह यावा आणि मग काम सुरू करावे, असे आपण धरून चालतो. वस्तुतः क्रम बहुधा याच्या उलट असतो. भरलेली बैलगाडी जागची हलविताना बैलांना मान खाली घालून जोर लावावा लागतो. चाके एकदा फिरू लागली की त्याच बैलांना तेवढे कष्ट पडत नाहीत. मनाचेही तसेच आहे. मारिया ओव्हसियान्किना या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसांना लहानसहान कामे देऊन ती मध्येच थांबविली होती. पुढे मोकळीक मिळताच बहुतेकांनी कोणी न सांगता ती अर्धी कामे पुन्हा हाती घेतली. हात लागलेले काम मनुष्याला आपण होऊन बोलावते. न लागलेले काम मात्र भिववीत राहते. म्हणून उत्साह हा आरंभाचा पिता नव्हे, तो त्याचा पुत्र होय.

ज्यांनी पुष्कळ काम केले, त्यांनी लहरीवर फारशी भिस्त ठेवलेली दिसत नाही. अँथनी ट्रॉलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाच वाजता तो लिहावयास बसे, आणि वेळेवर उठवून कॉफी आणून देण्यासाठी आपल्या सेवकाला वर्षाला पाच पौंड अधिक देई. अशा रीतीने त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. आज लिहावे की न लिहावे, हा प्रश्न त्याने पहाटेच्या झोपाळू मनापुढे ठेवलाच नाही.

आपणही कामाची वेळ आणि जागा आधीच ठरवून टाकावी. साधने हाताशी मांडून ठेवावी. आणि पहिले पाऊल इतके लहान करावे की त्याला नकार देण्याचीच लाज वाटावी. ‘निबंध लिहीन’ असे न म्हणता ‘जेवणानंतर मेजाशी बसून पहिले वाक्य लिहीन’ असे म्हणावे.

आपल्याकडे आरंभशूराची थट्टा करण्याची रीत आहे, आणि ती अगदीच अनाठायी नाही. पण आरंभशूर फसतो तो आरंभ केल्यामुळे नव्हे, तर एकाच आरंभावर संतुष्ट राहिल्यामुळे. आरंभ रोज करावा लागतो. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा मूळ हेतू ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाला एक प्रस्तावना जोडण्याचा होता. त्यातूनच धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड उभे राहिले. पहिला खंड १९३० साली निघाला आणि शेवटचा १९६२ साली, लेखकाच्या वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी!

शरीर आजारी असेल, किंवा मन पुष्कळ दिवस खिन्न असेल, तर गोष्ट निराळी. तेथे स्वतःला दोष देत बसू नये. वडीलधाऱ्यांपाशी मन मोकळे करावे आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा.

एरवी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. टाळलेल्या कामाने नुसते काम राहत नाही. ‘उद्या नक्की करीन’ हे वचन आपण दुसऱ्या कोणाला नव्हे, स्वतःलाच दिलेले असते. ते वारंवार मोडले की आपल्याच शब्दावरचा आपला विश्वास उडतो. आणि ज्याचा स्वतःच्या शब्दावर विश्वास नाही, तो मोठी कामे कशाच्या बळावर अंगावर घेणार? उलट, वेळेवर घातलेली अंथरुणाची एक घडीसुद्धा मनाला सांगते की हा मनुष्य बोलतो तसे करतो. तेव्हा लहरीची वाट पाहू नका. कामाला हात लावा. मन मागून येईल.