बोंब मारायचीच तर ब्लॅकवाल्याच्या नावाने मारा

मंडळी, जानेवारीत मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर लिंकिन पार्क वाजवून गेलं आणि तेव्हापासून आपल्या गावच्या ग्रुपवर एकच सूर लागलाय. "घरी पैसे पाठवायला नाहीत आणि गोऱ्यांचा धिंगाणा ऐकायला हजारो रुपये!" केळशी-आंजर्ल्यातून मुंबईला कामाला गेलेली काही पोरं तिथे होती. त्यांनी हौसेने फोटो टाकले आणि आपली जाणती माणसं त्यांच्यावर तुटून पडली.

मला हे अजिबात पटलेलं नाही.

हा बँड कोण ते तरी आधी बघा. त्यांचा गायक चेस्टर बेनिंग्टन याने जुलै २०१७ मध्ये आत्महत्या केली. त्यानंतर बँड जवळपास सात वर्षं गप्प होता. सप्टेंबर २०२४ मध्ये एमिली आर्मस्ट्राँग या गायिकेला घेऊन ते पुन्हा उभे राहिले, 'फ्रॉम झीरो' हा अल्बम काढला आणि जगभर दौऱ्यावर निघाले. भारतात त्याआधी ते कधीच आले नव्हते. मी पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो तेव्हा खोलीवर 'हायब्रिड थिअरी'ची कॅसेट घासून घासून संपली होती, त्यामुळे पोरं का गेली ते मला कळतं. आणि शिमग्याला पालखी नाचवायला रजा मिळाली नाही तर नोकरीवर लाथ मारून गावी येणारी माणसं आपण. हौसेला मोल नसतं हे आपल्याला कुणी शिकवायला हवं का?

पैसे जास्त जातात हे मात्र खरं. पण का जातात, आणि कोणाच्या खिशात, हे कोणी विचारत नाही.

कोल्डप्लेचं आठवा. २०१६ नंतर ते जानेवारी २०२५ मध्ये मुंबईकडे परत आले, नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन दिवस. २२ सप्टेंबर २०२४ ला दुपारी १२ वाजता बुकिंग उघडलं. कंपनीच्याच म्हणण्याप्रमाणे १ कोटी ३० लाखांवर लोक तिकिटासाठी आले. स्टेडियमची क्षमता पन्नास-पंचावन्न हजार, तीन दिवसांचे मिळून फार तर पावणेदोन लाख. म्हणजे शंभरातल्या एकदोघांना तिकीट, बाकीचे हात हलवत परत. छापील दर अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. पण त्याच दिवशी दुसऱ्या वेबसाइटवर तीच तिकिटं लाखांत दिसायला लागली. बुकिंग कंपनीने आमचा संबंध नाही असं सांगून स्वतःच पोलिसांत तक्रार दिली. आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी केली. हायकोर्टात जनहित याचिका झाली, तिच्यात आयपीएल आणि २०२३ च्या क्रिकेट वर्ल्ड कपच्या तिकिटांचाही विषय होता. जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने ती फेटाळली. कायदा करणं विधिमंडळाचं काम, आमचं नाही, असं कोर्टाचं म्हणणं. तेही बरोबरच म्हणा.

आता हे रेल्वेच्या तिकिटाशी ताडून बघा. गणपतीत खेडला उतरायचं तिकीट जर एजंटाने काळ्या बाजारात विकलं, तर रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तात्काळ तिकिटाला जुलै २०२५ पासून आधारची पडताळणी लागते. एवढं करूनही एजंट पुरते संपलेले नाहीत हे चाकरमान्यांना माहीत आहे. पण निदान गुन्ह्याला गुन्हा म्हणतात तरी! कार्यक्रमाच्या तिकिटाला तेवढाही आधार नाही. टॉकीजबाहेर दहाचे वीस करणाऱ्या पोराला हवालदार कॉलर धरून न्यायचा, आणि हे पस्तीस हजाराचे लाख करणारे घरात एसी लावून बसलेत.

सरकारला असल्या कार्यक्रमांचं कौतुक कमी नाही बरं. १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीत मायकेल जॅक्सन नाचला, त्याचा करमणूक कर युती सरकारने माफ केला. मुंबई ग्राहक पंचायत कोर्टात गेली, २०११ मध्ये हायकोर्टाने ती माफी रद्द केली. तर जानेवारी २०२१ मध्ये आघाडी सरकारच्या मंत्रिमंडळाने पुन्हा माफी दिली, तीन कोटींच्या वर! पंचवीस वर्षं उलटली, सरकारं बदलली, पण या एका बाबतीत सगळ्यांचं एकमत. कोल्डप्लेच्या अहमदाबादच्या कार्यक्रमाला पश्चिम रेल्वेने वांद्र्याहून खास गाड्या सोडल्या. त्यानंतर दोनच दिवसांनी पंतप्रधानांनी भुवनेश्वरला 'कॉन्सर्ट इकॉनॉमी'चं महत्त्व सांगितलं. इकॉनॉमी हवी तर तिकीट काढणारा गिऱ्हाईक म्हणून त्याचं रक्षण कोणी करायचं?

आपल्या केळशीच्या महालक्ष्मीच्या चैत्री यात्रेला तिकीट नाही, रथ सगळ्यांचा. मुंबईच्या महालक्ष्मीत तसं चालणार नाही, मान्य. तिथे कलाकार पैसे घेणारच, मंडप-दिव्यांचा खर्च निघायलाच हवा. पण छापील दराच्या वर विकायला बंदी, तिकिटावर नाव, आणि जाता आलं नाही तर त्याच कंपनीकडे त्याच दरात परत, एवढं करायला काय अडचण आहे?

आणि हे सांगायला आपल्याला लांब जायची गरज नाही. आपल्याच दापोलीचे आमदार योगेश कदम डिसेंबर २०२४ मध्ये गृह (शहरे) खात्याचे राज्यमंत्री झाले. पोरांच्या फोटोखाली ज्यांनी शंभर-शंभर कमेंटी टाकल्या, त्यांनी एक ओळ तिकडेही लिहावी. मी या तीन मागण्यांचं निवेदन तयार केलंय. सोमवारी दापोलीला जातोय. सही करायची असेल त्याने रविवारी संध्याकाळपर्यंत घरी यावं, आणि मुंबईवाल्यांनी नाव मेसेज करावं.